अंध लेकरांच्या आईबापांनो, एकमेकांना शोधा

जाहीर आवाहन

नांदेड आणि लातूर जिल्ह्यांत ज्यांच्या घरी अंध किंवा अंशतः अंध लेकरू वाढते आहे, अशा सगळ्या आईबापांना आणि आजी-आजोबांना हे आवाहन आहे. आशाताई, अंगणवाडीताई, शाळेतले गुरुजी आणि बाई, डॉक्टर आणि आपल्या भागातले मोठ्या वयाचे अंध बंधू-भगिनी यांनीही ते आपल्यालाच केले आहे असे समजावे. मागणे साधे आहे. अशा घरांनी एकमेकांचे फोन नंबर मिळवावेत, तालुक्यातालुक्यात व्हॉट्सॲपचे गट करावेत, आणि बाकीच्यांनी त्यांची गाठ घालून द्यावी.

फोनवरच का, असे कोणी विचारील. लेकराला गोवर आला, दात येताना त्रास झाला, तर शेजारची कोणीही बाई चार उपाय सांगते, कारण ते तिच्या घरात होऊन गेलेले असते. अंधत्वाचे तसे नाही. एका गावात असे लेकरू असले तर एखादेच. सात लेकरे वाढवलेली आजीसुद्धा इथे गप्प होते. देगलूरकडच्या आईला रात्री जो प्रश्न छळतो तोच निलंग्याकडच्या आईलाही छळत असतो, पण दोघींना एकमेकींचे नावही ठाऊक नसते. पारावर, बाजारात, लग्नात त्यांची गाठ पडायची शक्यता नाही. फोनवर पडते. आणि दोन्ही जिल्हे एकत्र घेण्याचे कारण असे, की जळकोट आणि मुखेड यांच्यामध्ये फक्त हद्दीचा दगड आहे. सोयरीक, बाजार, दवाखाना सगळे इकडून तिकडे चालते, मग गट तरी वेगवेगळे कशाला?

सोबत नसली की तिथे काय शिरते ते आपण सगळ्यांनी पाहिले आहे. ग्रहणात विळी हातात धरली होती का, इथून चौकशी सुरू होते आणि सगळा ठपका आईच्या पायगुणावर येऊन बसतो. मग कोणी देवऋषी सुचवतो, कोणी अंगारा आणून देतो. महाराष्ट्रात 2013 पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे, पण घाबरलेल्या घराला कायदा आठवत नाही. अशा वेळी, आम्हीही हे सगळे करून पाहिले, पैसे गेले, तुम्ही त्या वाटेला जाऊ नका, असे सांगणारा आपल्यासारखाच कोणी लागतो.

डोळ्यांच्या दवाखान्याबद्दल मात्र गैरसमज नको. उदगीरचे लायन्स नेत्र रुग्णालय, जालन्याचे गणपती नेत्रालय, हैदराबादचे एल. व्ही. प्रसाद, जिथे जाणे होईल तिथे जाऊन पक्के निदान करून घ्यायलाच हवे. जन्मजात मोतीबिंदूसारख्या आजारात शस्त्रक्रिया जितकी लवकर तितका फायदा. लेकराच्या बाहुलीत पांढरी चमक दिसली, मोबाइलच्या फ्लॅशच्या फोटोत दिसली तरीही, त्याच आठवड्यात नेत्रतज्ज्ञ गाठावा, कारण ती डोळ्याच्या कर्करोगाची खूण असू शकते. अडचण पुढे येते. आता डोळ्यांसाठी करण्यासारखे काही नाही, असे डॉक्टर सांगतात आणि पुढचा पेशंट आत येतो. हा निकाल डोळ्यांपुरता असतो, लेकराच्या आयुष्याचा नसतो, हे त्या दाराबाहेर सांगणारे कोणी नसते. एल. व्ही. प्रसादमध्ये तर दृष्टिहीनांच्या पुनर्वसनाचा वेगळा विभाग आहे, पण तिकडे जा म्हणून कोणी सांगितले नाही तर माणूस सरळ सिकंदराबादचे स्टेशन गाठतो आणि नांदेडच्या गाडीत बसतो.

आता ज्या गोष्टी आईबापच आईबापांना सांगू शकतात, त्यांतल्या दोन-तीन इथे सांगतो, म्हणजे गटाचा उपयोग काय ते कळेल.

पहिल्या वर्षातली सगळ्यात जीवघेणी गोष्ट म्हणजे बाळाची शांतता. आई पाळण्याजवळ येऊन बोलते आणि बाळ हातपाय हलवायचे थांबवते, मान दुसरीकडे फिरवते. आईला वाटते, याला माझी ओळखच नाही. खरे तर ते बाळ कान देऊन ऐकत असते. डोळ्यांनी बघणारे बाळ आईचा चेहरा दिसला की उसळते, न बघणारे बाळ आवाज आला की स्थिर होते. त्याचा आनंद बघायचा तर त्याच्या तोंडाकडे बघू नका, बोटांकडे बघा. तुम्ही बोलायला लागलात की बोटे हळूच उघडझाप करतात. हे एकदा कळले की आई परत बोलायला लागते, गाणी म्हणते, आता तुला उचलते, आता अंघोळ घालते असे सांगून मग हात लावते. न कळलेल्या घरात आईही गप्प होत जाते आणि लेकरू आणखी गप्प होते.

उशिरा चालण्याचेही तसेच. समोरची रंगीत वस्तू दिसली म्हणून दुसरी लेकरे रांगत सुटतात. या लेकराला पुढे काही आहे हेच ठाऊक नसते, मग पुढे जायचे कशाला? घुंगरू, खुळखुळा, वाटीवर चमचा, काहीही चालते, पण आवाज एका जागी राहिला पाहिजे आणि लेकराने हात पुढे केला की ती वस्तू हाताला लागली पाहिजे. तो आवाज शोधताना ते एक पाऊल टाकते. पडेल म्हणून कडेवरून खाली न ठेवणे ही आपल्याकडची माया आहे, आणि तिचा तोटा पाच-सहा वर्षांनी दिसतो. पायाला जमीन ओळखीची नाही, हाताला काम माहीत नाही. त्याला पडू द्या. बाकीचीही पडतातच.

जेवणाचे सांगायचे तर ताटातल्या जागा बदलू नका. भाजीची वाटी रोज उजवीकडे वरच्या बाजूला, भाकरी डावीकडे, पाण्याचा तांब्या ताटाच्या त्याच कोपऱ्याला. महिनाभरात लेकरू स्वतः चतकोर मोडून कालवण लावून खाते. सांडते, कपडे भरतात, घरातले कोणीतरी हळहळते आणि घास भरवायला धावते. त्या हळहळणाऱ्याला आवरणे हे आईचे खरे काम, आणि ते लेकराला शिकवण्यापेक्षा अवघड आहे.

ब्रेलची भीती अनेक पालकांच्या मनात असते. ती लिपी सहा टिंबांची आहे, डावीकडे वरून खाली एक-दोन-तीन, उजवीकडे चार-पाच-सहा. अंड्यांच्या ट्रेचा सहा खळग्यांचा तुकडा कापून घ्या आणि मूठभर चिंचोके. पहिल्या खळग्यात चिंचोका ठेवला की अ झाला. पहिल्यात आणि तिसऱ्यात ठेवला की क. शाळा न शिकलेली आईसुद्धा लेकराबरोबर हे शिकू शकते, खळगे मोजता आले की झाले. फोन बोलतो तर ब्रेल कशाला, असे म्हणणारे पुष्कळ भेटतील. बोलणारा फोन हवाच, पण नुसते ऐकून शुद्धलेखन आणि गणित येत नाही. बाराखडी हाताखालून गेली पाहिजे.

कागदपत्रांची माहिती तर गटाशिवाय मिळतच नाही म्हणा. दिव्यांग प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड लागते हे सगळ्यांना कळलेले असते. नेत्रतज्ज्ञ बोर्डावर कोणत्या दिवशी बसतात, कोणती झेरॉक्स विसरली की परत पाठवतात, हे कालच जाऊन आलेल्या माणसालाच ठाऊक. एवढे आधी कळले तर किनवटच्या बापाची एक मजुरी आणि एक खेप वाचते. 2016 चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा सांगतो, की 40 टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असलेल्या 6 ते 18 वर्षांच्या मुलाला मोफत शिक्षणाचा हक्क आहे, जवळच्या शाळेत किंवा त्याच्या पसंतीच्या विशेष शाळेत. म्हणजे गावची शाळा, आमच्याकडे सोय नाही, असे म्हणून दार लावू शकत नाही. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले 5 टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. ग्रामसभेत हे एकट्याने विचारले तर हसतात. तालुक्यातल्या दहा घरांनी आपापल्या गावात एकाच महिन्यात विचारले तर कोणी हसत नाही.

गट कसा चालावा याबद्दल थोडे स्पष्ट बोलायला हवे, कारण गट काढणे सोपे आणि बिघडणे त्याहून सोपे. अंध माणसे गटात असणार आहेत. ती फोन वापरतात तो टॉकबॅकवर, म्हणजे पडद्यावरचे अक्षर फोन वाचून दाखवतो. शासन निर्णयाचा फोटो टाकला तर त्यांचा फोन बहुतेक वेळा एवढेच सांगतो, की फोटो आला आहे. म्हणून परिपत्रक आले तर त्यातले मुद्दे टाइप करा नाहीतर बोलून पाठवा. सकाळच्या गुलाबाच्या फुलांचे काय करायचे ते तुम्हीच ठरवा, पण वीस जणांनी वीस फुले पाठवली की अंध सभासदाला वीस वेळा ‘फोटो’ ऐकावे लागते. आधार कार्ड, यूडीआयडी, बँकेचे पासबुक गटात टाकू नये. लेकराचे रडतानाचे, पडतानाचे व्हिडिओ टाकू नयेत, मदतीच्या नावाखाली तर मुळीच नाही. आणि हमखास दृष्टी परत आणणाऱ्या थेंबांची किंवा काढ्याची जाहिरात आली तर टाकणाऱ्याला एकदा समजवा, दुसऱ्या वेळी बाहेर काढा. यात भीड नको.

आणखी एक अडचण. घरातला चांगला फोन बापाच्या खिशात असतो आणि लेकरू आईजवळ. मग गटात सगळे बाप, आणि ज्या बाईला खरेच विचारायचे आहे ती चुलीपाशी. भाऊ, दादा, तुम्ही गटात असा, पण वहिनींचा नंबर आधी टाका. फोन एकच असेल तर संध्याकाळी अर्धा तास तो त्यांच्या हातात द्या. लिहिता येत नसेल तर बोलून पाठवतील. ऊसतोडीला किंवा बांधकामावर बाहेर जाणाऱ्या घरांना तर हा गटच सोबत येणारी शाळा आहे. कोपीवर असतानाही चिंचोके आणि खळगे चालू राहू शकतात.

मोठ्या वयाच्या अंध बंधू-भगिनींनो, तुमच्याशिवाय या गटाला अर्थ नाही. प्रांजल पाटील या भारतीय प्रशासकीय सेवेत गेलेल्या देशातल्या पहिल्या दृष्टिहीन महिला, त्यांचा फोटो दरवर्षी सगळीकडे फिरतो आणि फिरावा. स्वागत थोरात यांनी 2008 मध्ये ‘स्पर्शज्ञान’ हे मराठी ब्रेल पाक्षिक सुरू केले, तेही सांगावे असेच आहे. पण मुखेडच्या आईला आज हवे आहे ते वेगळे. आपल्याच भागात बँकेत, शाळेत किंवा भजनी मंडळात असलेला माणूस सांगेल, की वसतिगृहात पहिल्या आठवड्यात रडू आले होते का, लेखनिक कसा शोधला, पांढरी काठी पहिल्यांदा हातात घेतली तेव्हा गावात लाज वाटली का, स्टँडवर बस कशी ओळखतो. तुम्ही वीस मिनिटे बोललात तर एका घराची दहा वर्षांची भीती कमी होईल. अंध माणूस लग्न करतो, पगार आणतो, चिडतो, विनोद करतो, हे कित्येक आईबापांनी कधी ऐकलेलेच नसते.

डॉक्टर आणि आशाताई यांना एक वेगळी विनंती. वेळेआधी जन्मलेल्या बाळांच्या डोळ्यातल्या पडद्याचा आजार वेळेत सापडला तर लेझरने किंवा इंजेक्शनने बहुतेकदा आवरता येतो. 34 आठवड्यांआधी जन्मलेल्या किंवा 2 किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळाची ही तपासणी जन्मापासून 30 दिवसांच्या आत व्हायला हवी, अगदी लहान बाळांची त्याहूनही आधी. आपल्याकडे सव्वा महिना बाळ उंबऱ्याबाहेर काढत नाहीत. ही रीत आणि ही तारीख एकमेकींच्या आड येतात आणि त्यात डोळे जातात. काचेच्या पेटीत राहून घरी आलेले बाळ दिसले, की आजीला समजावून त्याला नेत्रतज्ज्ञाकडे पाठवा. बाळाच्या भल्यासाठी सांगितले तर आज्या ऐकतात.

आता गाठ कशी पडायची ते. पंचायत समितीच्या गटसाधन केंद्रात समावेशित शिक्षणाचे विशेष शिक्षक असतात. तालुक्यात कोणत्या गावात असे लेकरू आहे हे त्यांना माहीत असते. त्यांच्याकडे यादी मागू नका, दुसऱ्या घराचा नंबर परवानगीशिवाय देणे बरोबरही नाही. आपला नंबर एका कागदावर लिहून द्या आणि सांगा, की अशा दुसऱ्या घराला तो द्या, त्यांना वाटले तर ते फोन करतील. शाळेच्या वयाआधीचे लेकरू असेल तर हीच चिठ्ठी अंगणवाडीताईंकडे आणि जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात द्या. दोन घरे जोडली गेली की गट झाला, दोनशेची वाट बघू नये. पुढे वर्षातून एकदा लेकरांसह प्रत्यक्ष भेटावे. नांदेड-लातूर रस्त्यावरचे अहमदपूर दोन्हीकडच्यांना सोयीचे पडेल, आणि 4 जानेवारी, लुई ब्रेल यांची जयंती, हा दिवस ठरवता येईल. तेव्हा सुगीची घाई थोडी ओसरलेली असते.

हे वाचणाऱ्या प्रत्येकाच्या घरी असे लेकरू असेलच असे नाही. पण आपल्या गावात, भावकीत किंवा शाळेत कुठे आहे ते बहुतेकांना माहीत असते. त्या घरी हे आवाहन वाचून दाखवा, आणि येत्या सोमवारी त्यांच्याबरोबर गटसाधन केंद्रापर्यंत चला.

आपलेच,
नांदेड आणि लातूर जिल्ह्यांतील अंध लेकरांचे काही आईबाप