सशाची जुनाट सर्दी आणि उरलेल्या औषधाची बाटली

दिवाळी आटोपून पहाटेची थंडी पडू लागली की गावोगाव घरी पाळलेले ससे शिंकू लागतात. मुलांच्या हट्टामुळे आठवड्याच्या बाजारातून पांढऱ्या सशांची जोडी घरी येते, ओसरीवर एखाद्या जुन्या खोक्यात तिची सोय होते आणि महिना-दोन महिन्यांत त्यांपैकी एकाचे नाक वाहू लागते. ससा नाक पुढच्या पायांनी पुसतो, त्यामुळे त्या पायांच्या आतल्या बाजूची लव चिकट होऊन तिच्या गाठी बनतात. श्वास घेताना घरघर ऐकू येते. घरची मंडळी म्हणतात, "सर्दीच ती, जाईल आपोआप." ती जात नाही. मग कोणी तरी ग्रामसेवकास विचारतो आणि ग्रामसेवक बंधूही पुष्कळदा सद्भावनेने घरातील उरलेल्या गोळीकडे किंवा बाटलीकडे बोट दाखवितात.

प्रस्तुत लेखकाचे मत असे आहे की, सशाला द्यावयाचे प्रतिजैविक औषध पशुवैद्यकाने सांगितल्यावाचून कोणीही देऊ नये, आणि एकदा ते सुरू केले तर मध्येच सोडू नये. हे मत काहींना फारच कडक वाटेल. दवाखाना आठ-दहा कोसांवर, आणि जनावर ते एवढेसे, तर एवढा खटाटोप कशाला, असे विचारणारे शेतकरी बंधू भेटतात. त्यांचा प्रश्न गैर नाही. परंतु या बाबतीत लेखकाच्या हातून जी चूक झाली ती सांगितली, तर हा आग्रह कशासाठी हे ध्यानात येईल.

काही वर्षांपूर्वी एका वस्तीवर पीक पाहणीसाठी गेलो असता घरधन्याने सहज विचारले, "भाऊसाहेब, पोरीचा ससा महिनाभर शिंकतोय. तिच्या खोकल्याचं औषध शिल्लक आहे, द्यावं का?" बाटली पाहिली. लहान मुलांना देतात ते अमॉक्सिसिलिन होते. मुलांना चालते ते एवढ्याशा जीवाला थोडे दिले तर काय बिघडणार, असे मनात आले आणि मी होकार दिला. दोन दिवस शिंका कमी झाल्या, तेव्हा मुलीने मोठ्या आनंदाने निरोपही धाडला. तिसऱ्या दिवशी सशाने खाणे सोडले, लेंड्या बंद झाल्या, पुढे पाण्यासारखे जुलाब लागले आणि पाचव्या दिवशी सकाळी तो मेलेला आढळला. ज्या सर्दीपायी औषध दिले, त्या सर्दीने तो खचित मेला नसता. पुढे पशुवैद्यकाकडे चौकशी केली तेव्हा कारण समजले. ते ठाऊक असते तर बाटलीला हातही लावला नसता.

कारण असे. सशाचे पोट माणसासारखे नाही. गवतातील धागा पचविण्याचे काम त्याच्या अंधांत्रात, म्हणजे मोठ्या आतड्याच्या आरंभी असलेल्या पिशवीत, असंख्य उपयुक्त जंतू करीत असतात. गाईच्या कोठीपोटात जे चालते तसाच काहीसा हा प्रकार आहे. पेनिसिलिनच्या वर्गातील औषधे, म्हणजे अँपिसिलिन व अमॉक्सिसिलिन, तसेच लिंकोमायसिन व क्लिंडामायसिन ही तोंडाने दिली असता हे उपयुक्त जंतू मरतात. त्यांची जागा क्लॉस्ट्रिडियम जातीचे विषारी जंतू घेतात आणि त्यांच्या विषाने जनावर थोड्याच दिवसांत दगावते. सशाला ओकारी होत नाही, त्यामुळे एकदा पोटात गेलेले औषध बाहेर पडण्याचा तोही मार्ग नाही. पेनिसिलिनचे इंजेक्शन पशुवैद्यक कधी कधी सशालाही टोचतात हे खरे. पण ते टोचणे आणि घरी चमच्याने पाजणे यांत जीवनमरणाचे अंतर आहे.

आता मूळ रोगाविषयी. सशाच्या अशा सर्दीमागे बहुधा पाश्चुरेला मल्टोसिडा हा जंतू असतो. कधी बोर्डेटेला, तर कधी इतर जंतूही सापडतात. पाश्चुरेलाचे नाव नवे वाटले तरी त्याची एक करणी आपल्या शेतकऱ्यांना चांगली माहीत आहे. गाई-म्हशींना घटसर्प होतो तो याच जातीच्या जंतूने, आणि कोंबड्यांचा कॉलराही त्याचाच. फ्रेंच शास्त्रज्ञ लुई पाश्चर यांनी 1880 च्या सुमारास कोंबड्यांच्या या रोगावर प्रयोग केले, त्यांच्यावरूनच जंतूला हे नाव पडले. मात्र यावरून पावसाळ्यापूर्वी जनावरांना टोचतात ती घटसर्पाची लस सशालाही टोचावी, असा निष्कर्ष कोणी काढू नये. जात एक असली तरी जंतूचे प्रकार भिन्न आहेत आणि त्या लशीचा सशाला उपयोग नाही.

हा जंतू हटत का नाही, हे समजून घेणे अगत्याचे आहे. पुष्कळ ससे वरून निरोगी दिसतात, पण त्यांच्या नाकात तो दडलेला असतो. मादीकडून तो पिलांकडे जातो. थंडी, प्रवास, कोंदट जागा किंवा उपासमार झाली की तो डोके वर काढतो. नाकाच्या आतील पोकळ्यांत, कानाच्या आत, अश्रुनलिकेत किंवा दाढांच्या मुळाशी पू साचला, तर तेथवर औषध पुरेसे पोहोचत नाही. म्हणूनच आठ दिवस बरा दिसलेला ससा औषध थांबताच पुन्हा शिंकू लागतो. एकाच नाकपुडीतून पू येत असेल तर दाढेचा विकार किंवा नाकात अडकलेली गवताची काडी यांचाही संशय घ्यावा लागतो. तेथे कितीही प्रतिजैविक दिले तरी मूळ कारण जागच्या जागीच राहते.

पशुवैद्यक प्रथम नाकातील स्राव कापसाच्या बोळ्यावर घेऊन, शक्य असेल तर, प्रयोगशाळेकडे धाडतात आणि जंतू कोणत्या औषधाला दाद देतो ते पाहतात. औषधाचा पहिला घोट पोटात जाण्यापूर्वी हा नमुना घेतला तर तपासणीला अधिक अर्थ राहतो. नमुना कोठे धाडावयाचा हे दवाखान्यात कळते. पुण्यास औंध येथे राज्याच्या पशुसंवर्धन खात्याचा रोग अन्वेषण विभागही आहे. एन्रोफ्लॉक्सासिन, ट्रायमेथोप्रिम व सल्फा यांचे मिश्रण, डॉक्सिसायक्लिन ही औषधे सशाच्या पोटाला त्यामानाने सोसतात. यांची मात्रा येथे मुद्दामच दिलेली नाही. ती वजनावर ठरते, आणि एन्रोफ्लॉक्सासिन वाढत्या वयाच्या पिलांच्या सांध्यांना अपाय करू शकते. उपचार किमान दोन आठवडे, जुनाट विकारात त्याहून पुष्कळ अधिक काळ चालतो. कॉर्टिसोनच्या वर्गातील इंजेक्शन "सूज उतरेल" म्हणून कोणी सुचविल्यास ते घेऊ नये, कारण सशाची रोगाशी झुंजण्याची शक्तीच त्याने खचते.

अर्धवट मात्रेचा दुसरा तोटा गोठ्यापर्यंत पोहोचतो. पेनिसिलिनचा शोध लावणारे अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी 1945 साली नोबेल पारितोषिकाच्या भाषणातच इशारा दिला होता की, अपुऱ्या मात्रेने जंतू मरत नाहीत, उलट ते औषधाला सरावतात. भारत सरकारने 2019 साली अन्नासाठी पाळल्या जाणाऱ्या जनावरांत कोलिस्टिन या औषधाच्या वापरास बंदी केली, तीही औषधांना न जुमानणाऱ्या जंतूंच्या भीतीनेच. ओसरीवरच्या सशाला चार दिवस पाजून सोडलेले औषध उद्या वासराला किंवा घरातल्या तान्ह्या मुलाला लागू न पडण्याचा संभव त्यामुळे वाढतो. म्हणून स्वस्त ससा आणि महाग दवाखाना हा हिशेब अपुरा आहे असे मला वाटते. ओघाने एक गोष्ट सांगून टाकतो. ज्या घरी पाळीव ससा पुढेमागे खाटकाकडे जाण्याची शक्यता असते, तेथे औषध चालू असताना व त्यानंतर पशुवैद्यक सांगतील तितके दिवस त्याचे मांस वर्ज्य समजावे.

परंतु केवळ औषधावर भिस्त ठेवणाऱ्यांशीही माझा मतभेद आहे. ज्या खोक्यात सशाचे मूत्र मुरलेले आहे, त्यात नाक घालून पाहावे. डोळ्यांना झोंबणारा जो वास येतो तो अमोनियाचा. सशाचे नाक दिवसरात्र त्या वासाच्या एक वीत अंतरावर असते आणि तो तोंडाने नव्हे, नाकानेच श्वास घेणारा प्राणी आहे. आतली नाजूक त्वचा या वायूने सतत भाजत राहिली तर कोणते औषध तेथे टिकणार? पिंजऱ्याचा तळ जाळीचा असल्यास त्यावर बसावयास फळी द्यावी. अंथरलेले गवत रोज बदलावे, धूळ व बुरशी असलेला पेंढा घालू नये, हवा खेळती ठेवावी पण थेट झोत लागू देऊ नये. चुलीच्या धुरापासून पिंजरा दूर असावा. वाळलेले स्वच्छ गवत हाच मुख्य आहार ठेवावा, भाकरी-बिस्किटांचे लाड बंद करावेत. नवा ससा आणल्यास महिनाभर वेगळा ठेवून पाहावा. रोगट सशाला हाताळल्यावर हात धुवावेत. त्याने चावा घेतला किंवा ओरखडले तर जखम साबणाने धुऊन डॉक्टरांस दाखवावी.

इतके करूनही काही ससे पूर्ण बरे होत नाहीत. पाहुण्यांसमोर शिंकत, पण खातपीत व उड्या मारीत ते कित्येक वर्षे जगतात. अशा सशामागे दर महिन्यास नवे प्रतिजैविक लावणे मला योग्य वाटत नाही. त्याला स्वच्छ जागा द्यावी आणि लक्षणे वाढली तरच पुन्हा दवाखाना गाठावा. मात्र तोंड उघडून श्वास घेणे, मान एका बाजूस कलणे, किंवा अर्धा दिवस खाणे व लेंड्या बंद होणे यांपैकी काहीही दिसले, तर उद्याची वाट पाहू नये. नेताना ससा सावलीत, झाकलेल्या पण हवेशीर टोपलीत न्यावा. आणि आधी घरी काही पाजले गेले असेल तर ते लपवू नये. बाटली सोबत न्यावी, मग ती कोणीही दिलेली असो, अगदी भाऊसाहेबांनी दिलेली असली तरीही.