पोकळीची साक्ष

‘हा साक्षात अंतराळाचा आवाज आहे!’ लस्टमॉर्डची २०१६ साली निघालेली ‘डार्क मॅटर’ ही ध्वनिमुद्रिका माझ्या हाती देताना एक स्नेही म्हणाले. तासाहून अधिक काळ चालणाऱ्या त्या तीन रचना मी काळोखात, एकट्याने ऐकल्या. त्यांनी मला अस्वस्थ केले, हे प्रांजळपणे कबूल करतो. पण स्नेह्यांचे ते वाक्य मला मुळीच मान्य नाही.

अंतराळात कंपने आपल्या कानांपर्यंत वाहून आणील अशी हवाच नाही. लस्टमॉर्ड, म्हणजे ब्रायन विल्यम्स, याने १९९३ ते २००३ या काळातल्या ज्या नोंदी नासा आणि रेडिओ-दुर्बिणींच्या केंद्रांकडून जमवल्या, त्या मुख्यतः रेडिओलहरींच्या आणि विद्युत्‌भारित वायूंतील कंपनांच्या. त्यांना ऐकू येण्याजोगे रूप माणसांनी दिले. त्यांतून हा लांबच लांब, खर्जातला घुमारा घडवला तो विल्यम्सने. आणि शीर्षकातले कृष्णद्रव्य? ते ना प्रकाश देते, ना रेडिओलहरी. त्याचा आवाज टिपणार कोण?

मग ही कलाकृती खोटी ठरते काय? छे! खोटी आहे ती तिची शिफारस. यंत्राची साक्ष काढली की कलावंताचे श्रेय जाते, आणि ऐकणाराही सुटतो. भय आपल्या मनातले. आपण ते अब्जावधी मैलांवर नेऊन ठेवतो आणि निश्चिंत होतो. वस्तुतः अंतराळ एकाकी नाही. एकाकी होण्यासाठी आधी सोबत ठाऊक असावी लागते. तारे कुणाची वाट पाहत नाहीत. वाट माणूस पाहतो.

दुसरे एक रसिक म्हणाले, ‘अहो, हा तर आपला तंबोराच!’ हेही मला पटत नाही. तंबोरा षड्ज धरून बसतो. गाणारा कितीही दूर गेला तरी त्याला परतायला घर असते. विल्यम्सच्या घुमाऱ्यात मला ते घर कुठे सापडले नाही. सूर अखंड आहे, पण आसरा नाही. त्या रचनांचे सारे सामर्थ्य मला यातच दिसते.

तेव्हा ही ध्वनिमुद्रिका जरूर ऐकावी. मात्र नासाचे प्रशस्तिपत्र आधी बाजूला ठेवावे. त्यानंतरही छातीत धस्स झाले, तर त्याचा दोष ताऱ्यांना देऊ नये.