औषधाने प्रतिभा आटते म्हणे!

आमच्या शहरातील एका कविसंमेलनात मध्यंतरी एका ज्येष्ठांनी तरुण कवींना उपदेश केला : कवीने आपले वेड जपावे, ते डॉक्टरांच्या हवाली करू नये, गोळ्यांनी प्रतिभा आटते. टाळ्या भरपूर पडल्या. सभागृहात आमची एक माजी विद्यार्थिनी बसली होती. बायपोलर आजारावरच्या गोळ्या ती कित्येक वर्षे नियमाने घेते आहे. ती मुकाट्याने उठून बाहेर गेली. आमचे भांडण त्या टाळ्यांशी आहे.

मराठी साहित्यव्यवहारात ‘वेड’ हा शब्द फार लाडका. त्यात संतपरंपरेतील उन्मनी आणि वैद्यकातील उन्माद यांची सरमिसळ करण्याची खोड आम्हा प्राध्यापक मंडळींनाच अधिक. उन्मनीत साधक मनाच्या पलीकडे जातो. उन्मादात मनच माणसाला फरफटत नेते. शिवाय हे कौतुक सर्वांच्या वाट्याला येत नाही. कन्नडहून वा सिल्लोडहून घाटीच्या मनोविकार विभागात गोळ्यांसाठी येणाऱ्या शेतकऱ्याला ‘आपले वेड जपा’ असे कोणी सांगत नाही!

पुरावा म्हणून हटकून व्हर्जिनिया वुल्फचे नाव निघते. वुल्फने १९४१ मध्ये जीवन संपवले. उन्मादावर लिथियम गुणकारी ठरते हा जॉन केड यांचा निबंध प्रसिद्ध झाला १९४९ मध्ये. जे औषध तिच्या हयातीत या आजारावर वापरातच आले नव्हते, ते नाकारून तिने प्रतिभा राखली असे कसे म्हणावे? व्हॅन गॉगच्या बाबतीत तर आजार नेमका कोणता, याविषयीच एकमत नाही. उलट मोगेन्स शू या डॅनिश मानसोपचारतज्ज्ञांनी लिथियम घेणाऱ्या २४ कलावंतांनाच विचारले. १९७९ च्या त्यांच्या निबंधानुसार १२ जणांची निर्मिती वाढली होती, ६ जणांच्या बाबतीत फरक पडला नव्हता आणि ६ जणांची घटली होती. संख्या लहान आहे, हे मान्य. पण टाळ्यांपेक्षा हा पुरावा बरा.

ते घटलेले सहा जण आम्ही लपवणार नाही. के रेडफील्ड जेमिसन या स्वतः मानसशास्त्रज्ञ आणि याच आजाराच्या रुग्ण. लिथियमच्या मोठ्या मात्रेमुळे आपले गंभीर वाचन दहाहून अधिक वर्षे थांबले, असे त्यांनी १९९५ च्या आत्मकथनात लिहिले आहे. साहित्याच्या माणसाला याहून मोठी शिक्षा कोणती? मात्रा कमी केल्यावर वाचन परतले. औषध मात्र त्यांनी सोडले नाही; पूर्वी सोडल्याची किंमत त्या मोजून बसल्या होत्या.

या आजारातील विषण्णतेचा काळ उन्मादापेक्षा बहुधा लांब असतो. त्या काळात कविता सोडाच, अंथरुणातून उठणे होत नाही. रुग्ण डॉक्टरांकडे जातो तोही याच काळात. आधीचे रात्र-रात्र जागून लिहिणे, उधळपट्टी, अफाट बेत हे सारे ‘झपाटलेपण’ म्हणून आपण गौरवलेले असते. ते डॉक्टरांना कोणी सांगत नाही. मग केवळ नैराश्यावरची गोळी सुरू होते आणि काहींच्या बाबतीत तीच उन्मादाकडे ढकलते. आपल्या शब्दांच्या लाडाचा असाही परिणाम होतो.

दीर्घकाळ औषध घेणे हे काम अत्यंत गद्य आहे. लिथियम हा क्षार. रक्तात त्याचे प्रमाण साधारणतः लिटरमागे ०.६ ते १.० मिलिमोल ठेवावे लागते. दीडच्या पुढे विषबाधेचे भय. शरीरातील पाणी आणि मीठ घटले की मूत्रपिंडे लिथियम धरून ठेवतात. आमच्याकडे मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. त्यात निर्जळी एकादशी, रमजानचे रोजे, जुलाब, अंगदुखीसाठी दुकानातून आणलेली आयबुप्रोफेनची गोळी. यांतले काहीही डॉक्टरांना न विचारता करणे रुग्णाला महागात पडू शकते. शिवाय थायरॉईड आणि मूत्रपिंडांची नियमित तपासणी. आणि सर्वांत घातक म्हणजे ‘आता बरे वाटते’ म्हणून एके दिवशी गोळ्या एकदम बंद करणे : आजार उलटतो, आत्महत्येचा धोका वाढतो.

त्या ज्येष्ठांना आम्ही पत्र धाडून एवढेच विचारले आहे की, आपले भाषण ऐकून एखाद्या मुलाने गोळ्या टाकून दिल्या, तर रात्री त्याच्या उशाशी कोण बसणार? उत्तर अद्याप नाही.