चढाने शिकविलेला धडा

वाचकहो, आजच्या मोटारसायकलचे गिअर आपण गृहीतच धरतो. परंतु ते यंत्राच्या अंगी मुरण्यास एका लहानशा बेटावरील डोंगर बराचसा कारणीभूत झाला आहे. इंग्लंड व आयर्लंड यांच्यामधील समुद्रात वसलेले ते बेट म्हणजे आईल ऑफ मॅन होय.

विसाव्या शतकाच्या आरंभी ब्रिटनमध्ये मोटारींना ताशी २० मैलांची मर्यादा होती आणि शर्यतीसाठी सार्वजनिक रस्ते बंद करण्यास परवानगी नव्हती. ह्या बेटाला मात्र 'टिनवाल्ड' नावाचे स्वतःचे विधिमंडळ आहे. त्याने १९०४ साली कायदा करून ती मुभा दिली आणि २८ मे १९०७ रोजी मोटारसायकलींची पहिली 'टूरिस्ट ट्रॉफी' शर्यत झाली.

नावाप्रमाणेच ही प्रवासी गाड्यांची परीक्षा होती. गाडीला नीट बैठक, मडगार्ड व सायलेन्सर असणे सक्तीचे होते. पेट्रोलही मोजून मिळे : एका सिलिंडरच्या गाडीने गॅलनला ९० मैल व दोन सिलिंडरच्या गाडीने ७५ मैल जावे, असा हिशेब होता. धुळीच्या कच्च्या रस्त्यावर २५ स्वार सुमारे १५८ मैलांसाठी निघाले. एका सिलिंडरच्या वर्गात चार्ली कॉलियर मॅचलेस गाडीवर ताशी सुमारे ३८ मैलांच्या सरासरीने जिंकला. दुसऱ्या वर्गात रेम फाउलरने, वाटेत टायर फुटूनही, नॉर्टनवर विजय मिळविला.

ह्या पहिल्या मार्गातून डोंगर वगळला होता, कारण पट्ट्यावर चालणाऱ्या तत्कालीन गाड्यांना तो चढ झेपणारा नव्हता. १९११ साली मात्र शर्यत स्नेफेल डोंगरावरून जाणाऱ्या सुमारे ३७ मैलांच्या फेऱ्यावर नेण्यात आली. तेथे मोठ्या गटातील पहिले तिन्ही क्रमांक 'इंडियन' गाड्यांनी पटकाविले. नावाने आपल्या वाटल्या तरी त्या अमेरिकन होत्या. त्यांना पट्ट्याऐवजी साखळी होती व दोन गिअर होते. चढाने दिलेला हा कौल इतर कारखानदारांना दुर्लक्षिता येण्याजोगा नव्हता.

परंतु ह्या शिक्षणाची किंमतही मोठी पडली. त्याच वर्षी सरावात व्हिक्टर सरिज हा स्वार मरण पावला. तेव्हापासून ह्या डोंगरी मार्गाने अडीचशेहून अधिक स्वारांचे प्राण घेतले आहेत. १९७६ नंतर जागतिक अजिंक्यपदाच्या मालिकेतून ही शर्यत वगळण्यात आली, तरी ती आजही भरते.

वाचकहो, शर्यतीसाठी तेथे निदान रस्ता बंद केला जातो. आपल्या रस्त्यावर शाळेची मुले, सायकली व गुरेढोरे असतात. म्हणून त्या बेटाकडून घ्यायचे ते यंत्राचे ज्ञान. वेगाची ईर्ष्या नव्हे.