मोठी गाडी आणि खिशातले साधे लायसन

कांद्याच्या दिवसांत गावात गाडी मिळणे म्हणजे लग्नाच्या तिथीला आचारी मिळण्यासारखे असते. ज्याला विचारावे तो म्हणतो, "परवा बघू." यंदा आमच्या भाच्यावर हीच वेळ आली. पंचाहत्तर गोणी कांदा भरून तयार, लासलगावला न्यायचा, आणि नेहमीच्या पिकअपवाल्याला उसंत नाही. शेवटी वरच्या आळीतील एका मालकाने सांगितले, "माझी आयशर उभी आहे. ड्रायव्हर मेव्हण्याच्या लग्नाला गेलाय. तू चालवणार असशील तर ने. दिवसाचे भाडे आणि डिझेल तुझे."

भाचा संध्याकाळी माझ्याकडे आला. "मामा, माझे लायसन मोटारीचे आहे. ही एवढी मोठी गाडी मला चालते का हो?"

मंडळी, हा प्रश्न आता घरोघरी निघतो. पोरांकडे चारचाकीचे लायसन असते, गावात पिकअप, छोटा हत्ती, चारशेसात, आयशर अशा गाड्या उभ्या असतात, आणि अडीअडचणीला शेजारी गाडी देतोही. चालते की नाही याचे उत्तर मात्र चावडीवर दहा जणांकडून दहा तऱ्हेचे मिळते. कोणी म्हणतो बिल्ला पाहिजे, कोणी म्हणतो पिवळ्या पाटीच्या गाडीला हातच लावू नको, कोणी म्हणतो चार चाके आहेत ना, मग बिनधास्त ने.

खरे काय ते सांगतो. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात हलके मोटार वाहन म्हणजे काय याची व्याख्या आहे. लायसनवर इंग्रजीत एल.एम.व्ही. अशी तीन अक्षरे असतात, ती याचीच. मालाची किंवा माणसांची वाहतूक करणारी गाडी असेल तर तिचे भरल्या मालासकट एकूण वजन साडेसात हजार किलोच्या वर नसले की ती हलक्या वाहनात मोडते. मोटार किंवा ट्रॅक्टर असेल तर रिकाम्या वजनाचा हिशेब धरतात. व्याख्या इतकी साधी असूनही घोळ झाला, कारण १९९४ च्या दुरुस्तीत लायसनच्या प्रकारांमध्ये 'वाहतुकीचे वाहन' असा एकच मोठा गट आला. मग छोटा हत्ती चालवणाऱ्यालाही वाहतुकीची वेगळी नोंद लागते, असा अर्थ विमा कंपन्या लावू लागल्या. अपघात झाला की चालकाकडे ती नोंद नव्हती एवढ्या कारणावरून भरपाई नाकारायची. असे खटले वर्षानुवर्षे चालले. कित्येकदा न्यायालय कंपनीला सांगते, की आधी पीडिताला पैसे द्या आणि मग मालकाकडून वसूल करा. गाडीमालक शेतकरी असेल तर वसुली कशातून होणार, हे तुम्हाला सांगायला नको.

२०१७ साली सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायाधीशांनी निकाल दिला, की साडेसात टनांच्या आतील वाहतुकीची गाडी साध्या एल.एम.व्ही. लायसनवर चालते, वेगळी नोंद नको. कंपन्यांना तो मान्य झाला नाही. प्रकरण पाच न्यायाधीशांपुढे गेले आणि ६ नोव्हेंबर २०२४ रोजी त्यांनीही तोच निर्णय कायम केला. सरन्यायाधीश तेव्हा न्या. धनंजय चंद्रचूड होते, ज्यांच्या घराण्याचे मूळ गाव खेड तालुक्यातील कन्हेरसर. त्यामुळे बिल्ल्याची भीती घालणाऱ्याला आता हा निकाल सांगावा. साडेसात टनांच्या वर गेले, की मध्यम आणि जड वाहने लागतात. तिथे साधे लायसन चालत नाही. स्फोटक किंवा पेट घेणारा धोकादायक माल असेल तर गाडी लहान असली तरी लायसनवर त्याची वेगळी नोंद लागते.

एवढे ऐकून भाचा उठलाच. "मग नेतो आयशर!"

म्हटले, बस जरा. आयशर हे कारखान्याचे नाव आहे, वजनाचे नाही. त्या नावाच्या गाड्या साडेसात टनांच्या आतही आहेत आणि कितीतरी वरही आहेत. लांबून बघणाऱ्याला हौदाच्या लांबीत दोन हातांचा फरक दिसेल, कधी तोही दिसणार नाही. गाडी डोळ्यांनी निवडायची नसते, आरसी बुकावरून निवडायची असते. आपल्याकडे "किती टन पासिंग?" असे विचारतात, पण त्या उत्तराने काम भागत नाही. कोणी पासिंग म्हणून भरायच्या मालाचे वजन सांगतो, कोणी एकूण वजन सांगतो. आरसीवर दोन आकडे असतात, एक रिकाम्या गाडीचे वजन आणि दुसरा मालासकट एकूण वजन. लायसनसाठी दुसरा आकडा बघायचा. दुसऱ्यातून पहिला वजा केला की कायद्याने किती माल भरता येतो ते निघते.

आम्ही मालकाकडे गेलो. त्याने मोबाईलवर आरसी काढून दाखवली. एकूण वजन दहा टनांच्या वर! म्हणजे ती मध्यम गाडी. मालकालाही हे ठाऊक नव्हते असे तो म्हणाला, आणि आपण ते मान्य करू. पण लायसन नसलेल्याच्या हाती गाडी दिली तर चालवणाऱ्यासोबत मालकालाही दंड आहे, प्रत्येकी पाच हजार रुपये. अपघात झाल्यावर जे होईल त्यापुढे तो दंड काहीच नाही.

त्याच्याच चुलत्याची दुसरी गाडी निघाली. तिचे एकूण वजन ७४९० किलो. असा आकडा दिसला तर दचकू नका, कारण कारखानदार पुष्कळ गाड्या मुद्दामच साडेसात टनांच्या किंचित आत ठेवतात. रिकामे वजन ३२०० होते. वजा जाता ४२९० किलो राहिले. गोणी पन्नास किलोची धरली तर पंचाहत्तर गोण्यांचे ३७५० किलो होतात, म्हणजे एका खेपेत सारा माल बसतो. दीड टन माल घेणाऱ्या पिकअपमध्ये तीसच गोण्या बसतात. तिच्यात पन्नास कोंबणारे आपल्या ओळखीचे असतात, पण २०१९ च्या दुरुस्तीपासून जादा वजनाला कायद्यात वीस हजार रुपये दंड आहे आणि वरच्या प्रत्येक टनाला आणखी दोन हजार. शिवाय जादा माल तिथेच उतरवून ठेवायचा खर्चही आपलाच.

बाकीचे कागद थोडक्यात सांगतो. विम्याची तारीख, फिटनेसची तारीख आणि पीयूसी पाहा. मालवाहू गाडी आठ वर्षांची होईपर्यंत फिटनेस दोन दोन वर्षांचे मिळते, पुढे दर वर्षी करावे लागते आणि जुन्या गाड्यांचे तेच हमखास संपलेले असते. एकूण वजन तीन हजार किलोंच्या वर असेल तर परमिटही बघायचे. पांढऱ्या पाटीची गाडी मालाच्या भाड्यासाठी घेऊ नका, मालक घरचा असला तरी नको. आपल्या लायसनची मुदत बघायला माणूस नेमका विसरतो, ती बघा. आणि गाडी अमक्याला अमक्या दिवशी चालवायला दिली अशी मालकाची सहीची चिठ्ठी घ्या. नात्यात चिठ्ठी मागायला लाज वाटते, पण मागावी.

घरच्या बायामाणसांसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगतो, कारण हा हट्ट पुष्कळदा घरातूनच होतो. गाडी चाललीच आहे तर मागे चार जण बसू द्या, वाटेत देवदर्शन होईल, असे म्हणतात. लग्नसराईत तर हौदात वऱ्हाड उभे असते. मालाच्या गाडीत मालाचा धनी किंवा त्याचा माणूस बसला तर विम्याचा आधार आहे. फुकट बसलेल्या पाहुण्याला तो नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने दोन दशकांपूर्वीच सांगितले आहे. गाडी उलटली तर जखमींचा खर्च आणि मेलेल्यांची भरपाई मालकाच्या आणि चालकाच्या अंगावर येते, आणि जखमी, मेलेले हे आपलेच सोयरे असतात. वऱ्हाडासाठी माणसांची गाडी करावी, चार पैसे जास्त गेले तरी.

आता चालवण्याचे. कायद्याने परवानगी दिली म्हणून हाताला सवय होत नाही. मी भाच्याला जुन्या ड्रायव्हरच्या जोडीला बसवून रिकामी गाडी दोन तास फिरवायला लावली. वळणावर मागची चाके आत कापतात, म्हणून मोटारीपेक्षा उशिरा वळवायचे. वेशीच्या कमानीची, विजेच्या तारांची आणि आंब्याच्या फांदीची उंची आधी मनात धरायची. भरली गाडी ब्रेक मारल्यावर मोटारीसारखी जागच्या जागी थांबत नाही. उतारावर, ज्या गिअरमध्ये चढलो असतो त्याच गिअरमध्ये उतरायचे, नुसत्या ब्रेकवर नाही. माल भरण्याचे मात्र त्याला शिकवावे लागले नाही. बैलगाडीत माल मागे गेला की गाडी उलाळ होते आणि जू बैलांच्या मानेवरून उचलते, हे त्याने लहानपणी पाहिले आहे. मोटारगाडीतही मागच्या चाकांच्या पलीकडे भार गेला की पुढची चाके हलकी होतात आणि स्टिअरिंग ऐकत नाही.

दोन तासांनी भाचा घामाघूम होऊन उतरला. "मामा, पहिल्या दिवशी चाळीसच गोण्या नेतो," असे स्वतःच म्हणाला. पहाटे चारला निघाला, लिलावाला वेळेवर पोचला, दुपारी परत आला. दुसऱ्या दिवशी आयशरचा ड्रायव्हर लग्नाहून परतला होता. उरलेल्या पस्तीस गोण्या त्याने नेल्या आणि भाचा त्याच्या शेजारी बसून गेला.