स्वभाव : दुष्ट!

परवा आवराआवर करताना लेकाचं एक जाडजूड पुस्तक हाती लागलं. ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ या अमेरिकन खेळातल्या राक्षसांचं. १९७७ मध्ये ते प्रथम निघालं. लेकाकडची आवृत्ती २०१४ ची. इंग्रजी अक्षरांच्या क्रमानं नावं, प्रत्येकापुढे आकार, ताकद आणि चक्क स्वभाव! त्यात आपला राक्षसही आहे बरं का, वाघाच्या तोंडाचा. स्वभाव? दुष्ट.

मला विभीषण आठवला, हिडिंबा आठवली. त्यांना कुठल्या रकान्यात बसवायचं?

“अगं आई, खेळ आहे तो. आणि स्वभाव बदलता येतो, पुस्तकातच लिहिलंय,” लेक म्हणाला.

मी गप्पच झाले. आपण माणसांना तेवढीही सवलत देत नाही. इंग्रजांनी १८७१ मध्ये कायदा करून अख्ख्या जमातींना जन्मानंच गुन्हेगार ठरवलं. १९५२ मध्ये तो कायदा रद्द झाला. तरी आमच्या गावात चोरी झाली की पहिलं बोट पारधी वस्तीकडेच! तिथल्या बायका माझ्या बचत गटात आहेत. एकीचाही हप्ता कधी चुकलेला नाही.

मैत्रिणींनो, खेळातला शिक्का पुसता येतो. आपल्या मनातला कधी पुसायचा?