मेंदूला एरिअर्स चालत नाहीत

मा. संचालक,
शिष्यवृत्ती विभाग, नवी दिल्ली



माझा फाइल क्रमांक आपल्याला पाठ असेलच. अकरा ईमेल पाठवले, प्रत्येकाच्या विषयात तोच आहे. उत्तरही दर वेळी तेच: ‘प्रक्रिया सुरू आहे.’

हिशेब मांडते. दोन वर्षं ज्युनिअर रिसर्च फेलो (जेआरएफ), महिना ३७,०००. ऑक्टोबरमध्ये माझं काम तपासून समितीने मला सीनिअर रिसर्च फेलो (एसआरएफ) केलं, म्हणजे ४२,०००. तेव्हापासून जूनअखेर खात्यात जमा: शून्य. नऊ महिन्यांचे ३,७८,००० रुपये, घरभाडे भत्ता वेगळा. समितीने नापास केलं असतं तर निदान कारण तरी कळलं असतं. काम ‘समाधानकारक’ केल्याबद्दल दिलगीर आहे.

१ जानेवारी २०२३ पासून एसआरएफ ३५,००० वरून ४२,००० झाली, तेव्हा आम्ही लॅबमध्ये पेढे वाटले होते. वाढ कागदावर होते की खात्यात, हे विचारायचं राहून गेलं.

दुसरी पगारी नोकरी करणार नाही, असं हमीपत्र आपण लिहून घेतलंय. मी ते पाळते. आपली बाजू कोण पाळणार?

आपल्याकडे एकदाच फोन उचलला गेला. ‘मॅडम, टेन्शन घेऊ नका, एरिअर्स एकदम मिळतील.’ त्या दिवशी माझ्यासमोर उंदराच्या मेंदूतल्या हिपोकॅम्पसचे ३०० मायक्रॉन जाडीचे काप द्रावणात तरंगत होते. त्यात ९५ टक्के ऑक्सिजन आणि ५ टक्के कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे सतत सोडावे लागतात. माणसाचा मेंदू वजनाने शरीराच्या २ टक्के, पण ऊर्जा खातो २० टक्के, आणि साठा जवळजवळ काहीच ठेवत नाही. पुरवठा तुटला की काही मिनिटांत पेशी मरू लागतात. मग नऊ महिन्यांचा ऑक्सिजन एकदम सोडा, मेलेली पेशी उठत नाही.

घरमालक काकांना हे समजावून पाहिलं. ते म्हणाले, ‘ताई, ते उंदराचं ठीक आहे, भाड्याचं बोला.’

मला आश्वासन नको. फाइल कोणत्या टेबलावर आहे, कोणाच्या सहीसाठी अडली आहे आणि पैसे कोणत्या तारखेला जमा होणार, एवढं लेखी कळवा.

आणि हो, माझ्या शेजारच्या बेंचवरची मुलगी मार्चमध्ये पीएचडी सोडून साताऱ्याला गेली. तिथे क्लासमध्ये बारावीला बायॉलॉजी शिकवते. तिची फाइलही प्रक्रियेतच होती. तिचे एरिअर्स निघाले, तर तेवढे साताऱ्याला पाठवा.

आपली,
अजून तरी संशोधक,
पुणे